मंडळी आणि भाकर : मराठी ख्रिस्ती जीवनातील सहभागितेचे मूल्य

बीजसंज्ञा : सहभागिता, मंडळी, पंक्तिभोजन, बहिष्कार, ख्रिस्ती वसाहत, देवाचा दरबार, खानदेश

प्रस्तावना

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात 'चर्च' या संकल्पनेसाठी 'मंडळी' हा शब्द दीर्घकाळ रूढ आहे. प्रार्थनेच्या इमारतीला मंडळी म्हणत नाहीत. तेथे जमणाऱ्या माणसांना म्हणतात. मराठीत मंडळी म्हणजे आपली माणसे. घरची मंडळी, गावची मंडळी, भजनी मंडळी असे आपण सहज बोलतो. जुन्या पिढीतील गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत. ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र आणलेला समुदाय असा आहे. त्यासाठी मराठीत हा शब्द स्थिरावला तेव्हा मूळ अर्थात नसलेला एक घरगुती ओलावा त्यात आपोआप उतरला. दुसरा शब्द 'भाकर'. पॅलेस्टाइनमधील गव्हाची वा जवाची रोटी मराठी पवित्र शास्त्रात भाकर झाली आणि प्रभुभोजनाच्या विधीला 'भाकर मोडणे' हे नाव मिळाले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या प्रदेशात या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

ख्रिस्ती जीवनातील सहभागितेविषयी लिहिताना प्रेम, ऐक्य, बंधुभाव या गुणांची प्रशस्ती करून थांबण्याची पद्धत आहे. ते गुण खरेच आहेत. परंतु महाराष्ट्रात सहभागितेचा प्रश्न सद्गुणाचा म्हणून पुढे आला नाही. तो कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या विहिरीचे पाणी भरावे, कोणाच्या मुलीला कोणाच्या घरी द्यावे, मेल्यावर खांदा कोणी द्यावा, या व्यवहाराच्या रूपाने आला. बाप्तिस्मा घेणाऱ्याचा देव बदलला एवढेच घडत नव्हते. त्याची पंगत सुटत होती. म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळीच्या सहभागितेचे मूल्य पंगतीच्या कसोटीवर तपासावे, आणि त्या कसोटीला ती कोठे उतरली व कोठे उणी पडली हे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'सहभागिता' या संज्ञेचा अर्थ

नव्या करारातील 'कोइनोनिया' हा शब्द 'सामायिक' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनला आहे. मराठीत त्यासाठी सहभागिता, संगती असे शब्द वापरले जातात. त्यात केवळ सहवास अभिप्रेत नाही. एखाद्या वस्तूत सर्वांचा वाटा असणे अभिप्रेत आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे वर्णन येते. ती शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टींना धरून राहिली आणि तिच्यातील लोकांनी मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटून घेतली, असे तेथे सांगितले आहे. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी दूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तिलाही तो हाच शब्द लावतो. म्हणजे उपासनेतील ऐक्य आणि पैशांची मदत यांना त्या काळी दोन वेगळी नावे नव्हती.

या आदर्श चित्राचा दाखला वारंवार दिला जातो. त्यापुढील पाने तितक्या आवडीने वाचली जात नाहीत. सहाव्याच अध्यायात तक्रार येते, की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात आहे. ती दूर करण्यासाठी सात माणसे नेमावी लागली. करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाच्या वेळीच सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत; पौलाने त्याबद्दल त्यांना कडक शब्दांत फटकारले आहे.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील अंत्युखियाचा प्रसंग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. पेत्र तेथे परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही यहूदी मंडळी आली, तसा तो त्या पंगतीतून हळूच बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहूदीही उठले. बर्णबासारखा उदार मनाचा मनुष्यही त्यांच्यात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. पेत्राने कोणतेही तत्त्व नाकारले नव्हते, कोणाला वाईट शब्दही बोलला नव्हता. तो फक्त ताटावरून उठला होता. परंतु पौलाच्या मते तेवढ्याने सुवार्तेलाच बाध येत होता. युरोपातील वाचकाला हा यहूदी आचारधर्माचा जुना वाद वाटेल. मराठी वाचकाला हा प्रसंग आपल्या आळीतला वाटतो.

भाकर आणि बहिष्कार

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतरावरून जे वाद पेटले त्यांत सिद्धान्ताची चर्चा पुष्कळ झाली. पण निर्णायक ठरले ते अन्न. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या संपर्कात आलेल्या नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलाने बाप्तिस्मा घेतला नव्हता, तरी तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तेथे जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले तेव्हा सनातनी वर्ग त्यांच्यावरच उलटला. एका लहान मुलाच्या पोटात गेलेल्या अन्नावरून शहरातील विद्वानांत दोन तट पडले.

१८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीने हीच गोष्ट उलट्या बाजूने सिद्ध केली. दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींच्या या गुप्त संस्थेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मानत नाही ही प्रतिज्ञा तोंडाने करणे पुरेसे नव्हते. ती तोंडातूनच आत जावी लागे. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटल्याची वार्ता पसरताच मंडळी विस्कटली. उजेडात खाण्याचे धैर्य नसेल तर अंधारातली पंगत किती टिकते याचे हे उदाहरण आहे. मात्र त्या तरुणांना हसणे सोपे आहे. बहिष्काराची किंमत ते ओळखून होते. याच मंडळीचे एक सभासद बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगाव येथे उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि ती किंमत मोजली.

पुढे १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घडलेले चहाचे प्रकरण सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे तेथे उपस्थित होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर करविली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्यांना आणि पुढे रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या मार्गाने ते मिटवावे लागले. ज्यांच्या शब्दाला देशभर मान होता त्यांना एक कप चहा एवढा महाग पडला, तर खेड्यातील एखाद्या कुटुंबाला ख्रिस्ती झाल्यावर काय सोसावे लागत असेल याचा अंदाज बांधता येतो.

कायद्याने काही संरक्षण दिले होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्यान्वये धर्म बदलल्यामुळे वा जातीबाहेर टाकल्यामुळे वारसाहक्क बुडत नसे. कायदा शेताचा तुकडा मिळवून देऊ शकत होता. बांधावरचा शेजार, विहिरीचे पाणी, अडीअडचणीला मिळणारी बैलजोडी, मुलीला स्थळ या गोष्टी तो मिळवून देऊ शकत नव्हता. खेड्यात माणूस जगतो तो बहुतांशी या न लिहिलेल्या हक्कांवर. ते एका दिवसात गेल्यानंतर नव्या मंडळीने दर रविवारी उपदेश देऊन भागणार नव्हते. तिला भाऊबंदांची जागा घ्यावी लागली. मराठी ख्रिस्ती सहभागितेचा पाया असा गरजेत घातला गेला आहे.

वसाहतीतील सहभागिता

या गरजेतून ख्रिस्ती वसाहती उभ्या राहिल्या. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ वसविलेले शरणपूर हे त्यांपैकी प्रसिद्ध गाव. नावातच आश्रय आहे. तेथे नवख्रिस्ती कुटुंबे राहिली, अनाथ मुले शिकली, सुतारकाम-लोहारकामासारखे उद्योग चालले. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही याच गावात वाढली. त्यांच्यातील जेकब वेनराइट हा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्या तांड्यात होता आणि १८७४ मध्ये त्या देहाबरोबर इंग्लंडला गेला. गोदाकाठच्या एका वसाहतीत मराठी मुले आणि पूर्व आफ्रिकेतील मुले एकत्र वाढत होती, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात फारशी नोंदली जात नाही याचे आश्चर्य वाटते.

वर उल्लेखिलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाचे असेच एक ख्रिस्ती गाव वसविले. त्यासाठी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली. तेथील रहिवाशांत मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. ब्राह्मण कुळात जन्मलेला पाळक आणि गावकुसाबाहेरची माणसे एका मंडळीत बसतात, हे त्या काळातील दृश्य म्हणून फार मोठे होते.

वसाहतींनी अनेकांचे प्राण वाचविले, शिक्षण दिले. परंतु त्यांनी सहभागितेला एक कुंपणही घातले. मिशनच्या आवारात राहणारा ख्रिस्ती मनुष्य गावाचा राहिला नाही. त्याचे घर, नोकरी, औषधपाणी, मुलांची शाळा सारे एकाच मालकाकडून येऊ लागले. भाऊबंदकीची जागा भरून काढण्यासाठी निघालेली मंडळी काही ठिकाणी धनी आणि आश्रित अशा नात्यात अडकली. पंगत मिळाली, पण वाढणारा हात परदेशी होता. शिवाय आवाराच्या आत जुने भेद सगळेच मावळले असेही नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालले. तेथील मंडळ्यांत महार आणि मांग या दोन समाजांतून आलेल्या लोकांमधील दुरावा हा मिशनच्या चिंतेचा विषय होता. रोटीचा प्रश्न प्रभुभोजनाच्या मेजावर पुष्कळसा सुटला, बेटीचा सुटावयास फार वेळ लागला. काही ठिकाणी तो अजून सुटलेला नाही. हे लिहिणे अप्रिय असले तरी टाळणे योग्य होणार नाही; करिंथच्या मंडळीचे दोष पौलाने झाकून ठेवले नव्हते.

'स्मृतिचित्रे' : चुलीपासून मंडळीपर्यंत

पंगतीचा हा प्रश्न आतून कसा अनुभवला जातो याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक चित्रण लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सापडते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आत्मचरित्र, विनोद आणि स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून आपण वर्गात शिकवितो. सहभागितेचा ग्रंथ म्हणून तो क्वचितच वाचला जातो.

त्याची सुरुवातच सोवळ्यापासून होते, हे सूचक आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे टोकाला गेलेले होते. बाहेरून घरात येणाऱ्या जिनसा धुतल्या जात आणि घरची माणसे त्या धाकाखाली जगत. स्पर्शाचे भय ज्या घरात श्वासासारखे वावरत होते, त्या घरातील मुलीचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हा धक्का केवळ नवऱ्याने धर्म सोडल्याचा नव्हता. ज्या माणसाच्या ताटात जेवायचे त्याच्या हातचे पाणीही आता चालणार नाही, हा तो धक्का होता. काही काळ त्या आप्तांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी स्वतःची चूल वेगळी ठेवली. भोवती ख्रिस्ती वस्ती, घरात ख्रिस्ती नवरा, आणि मध्ये एक चूल, ही स्थिती त्यांनी जराही न लपविता, स्वतःला हसत सांगितली आहे.

मग बदल झाला तो कसा? वाद घालून त्यांना कोणी जिंकले नाही. शेजारच्या माणसांचे येणेजाणे, आजारपणात मिळालेली सोबत, मुलांचा लळा यांनी भिंतीचा एकेक दगड काढला. माणसांच्या जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी कोणत्याही जातीच्या माणसाच्या हातचे खाऊन दिले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांच्या बाबतीत पंगत आधी आली, पंथ मागून. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत साधारणपणे याच्या उलट मांडणी असते: आधी विश्वास, मग सहभागिता. लक्ष्मीबाईंचा अनुभव त्या मांडणीला खोटे ठरवितो असे नाही, पण पुरे पडू देत नाही.

पुढील टिळक-घर हे स्वतःच एक छोटी मंडळी होते. नात्याची नसलेली, निराधार झालेली, शिकावयास आलेली अशी कितीतरी मुले त्या घरात वाढली. प्लेगच्या साथीत या दांपत्याने रोग्यांची शुश्रूषा केली. घरात पैशांची कायमची टंचाई, नवरा हातातले देऊन मोकळा होणारा, आणि आलेल्याला जेवू घालण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर. त्यांचे चिडणे, धान्य पुरविताना होणारी ओढाताण हे सारे पुस्तकात आहे. सहभागितेची स्तुती करणाऱ्या लेखनात भाकरी थापणाऱ्या हातांचा हिशेब सहसा नसतो. येथे तो आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोज भाकर मोडली जात होती, तेव्हा ती कोणी भाजली हे लूकानेही नोंदविलेले नाही.

देवाचा दरबार

रेव्हरंड टिळकांना आवाराची मर्यादा लवकर जाणवली होती. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांनी ख्रिस्ती उपासनेला भजन, कीर्तन, अभंग ही मराठी रूपे दिली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील त्यांची पदे आजही मंडळ्यांत गायिली जातात. भजनाचा प्रकार निवडण्यात केवळ देशीपणाची हौस नव्हती. कीर्तनात श्रोता आणि गायक एका धृपदाने बांधले जातात, टाळ कोणीही धरू शकतो. वारकरी सप्ताहाच्या शेवटी होणारा काला मराठी माणसाला ठाऊकच आहे. सामूहिक खाणे आणि सामूहिक गाणे यांचे नाते टिळकांनी बाहेरून आणले नाही. ते येथे होतेच.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचा हा बंधुसंघ होता. दोन गोष्टी यात एकदम घडत होत्या. वेतन सोडल्यामुळे मंडळीतील धनी-आश्रित नात्याला छेद जात होता. आणि बाप्तिस्मा ही प्रवेशाची अट न ठेवल्यामुळे, सहभागितेसाठी घरादाराशी नाते तोडावेच लागते हा समज नाकारला जात होता. मिशनमधील काहींना हे धोक्याचे वाटले. त्यांची शंका निराधार म्हणता येणार नाही: ज्यांनी उघड बाप्तिस्मा घेऊन गाव, नाते, पंगत सारे गमावले होते, त्यांच्या शेजारी काहीच न गमावलेला मनुष्य त्याच अधिकाराने बसला तर पहिल्याच्या त्यागाचे मोल काय, असे कोणी विचारू शकतो. टिळकांचा कल मात्र दार उघडे ठेवण्याकडे होता, आणि प्रस्तुत लेखिकेला तोच अंत्युखियातील पौलाच्या अधिक जवळचा वाटतो. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. संघटना म्हणून तो त्यांच्या पश्चात फार काळ उभा राहिला नाही.

वसईच्या कॅथलिक समाजात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला. पोर्तुगीज काळात तेथे समूहच्या समूह ख्रिस्ती झाले, जातींची वीण व बोली पुष्कळशा टिकल्या, आणि तुटलेल्या एकट्या माणसाला सावरण्याचा प्रश्न तितका तीव्र नव्हता. तेथे प्रश्न आला तो जमीन आणि पाण्याचा. १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्यासमवेत ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती वसईकर एकत्र आले. शेजाऱ्याची विहीर आटली तर आपलीही आटते, हे तेथील सहभागितेचे सूत्र ठरले.

खानदेशातील चित्र

खानदेशात ख्रिस्ती कार्य संघटितपणे पसरले ते प्रामुख्याने विसाव्या शतकात. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले होते. पूर्व भागात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव येथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेची केंद्रे होती. पश्चिम भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. हीच संस्था पुढे 'टीम' या नावाने ओळखली जाऊ लागली. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचे. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तरी साक्री, नवापूर, नंदुरबार या पट्ट्यातील मंडळ्यांचे परस्परसंबंध जिल्ह्याच्या रेषेवर थांबत नाहीत. भुसावळचे चित्र निराळे. रेल्वेमुळे तेथे निरनिराळ्या भाषांचे ख्रिस्ती एकत्र आले. बदलीच्या नोकरीत गावच नसलेल्या माणसांना मंडळी हेच गाव झाले.

पश्चिमेकडील मावची, भिल्ल आदी समाजांत मात्र धर्मांतराने माणूस गावाबाहेर फेकला गेला असे सर्वत्र घडले नाही. येथे कुटुंबे, काही ठिकाणी पाड्याचा मोठा भाग एकत्र आला. कूळ, भाषा, शेती, एकमेकांच्या शेतावर राबून त्या दिवशीचे जेवण एकत्र घेण्याची रीत या गोष्टी चालू राहिल्या. कायद्यातील एक भेदही येथे परिणाम करतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. त्यामुळे नगर-जालन्याकडील दलित ख्रिस्ती कुटुंबाला कागदावर आपली मंडळी लपवावी लागण्याचा जो मोह किंवा नाइलाज होतो, तो नवापूरच्या गावीत कुटुंबाला होत नाही. एकाच राज्यातील दोन मंडळ्यांना उघडपणे एकत्र येण्याची किंमत अशी वेगवेगळी मोजावी लागते. या विषयावर सहभागितेच्या प्रवचनांत फारसे बोलले जात नाही. ते बोलले गेले पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याचा पेच दुसरा आहे. तेथे बहुसंख्य मंडळ्यांनी दारू वर्ज्य मानली. व्यसनाने पोखरलेल्या घरांना या निर्बंधाने वाचविले, आणि स्त्रियांनी त्याचे स्वागत केले, हे उघड आहे. परंतु लग्न, पितरांचे विधी, गावदेवाचा नैवेद्य यांत मोहाची दारू आणि बळीचे मांस यांना स्थान असल्यामुळे ख्रिस्ती झालेला भाऊ भावाच्या पंगतीला बसेनासा होतो. एकोणिसाव्या शतकात समाजाने ख्रिस्ती माणसाला ताटावरून उठविले. येथे ख्रिस्ती मनुष्य स्वतःच उठण्याचा संभव आहे. पौलापुढे करिंथमध्ये असाच प्रश्न आला होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही? त्याचे उत्तर एका शब्दाचे नाही. मूर्तीच्या विधीच्या मेजात वाटेकरी होऊ नये असे तो सांगतो. पण विश्वास न ठेवणाऱ्याने घरी जेवावयास बोलाविले तर जावे, पुढे ठेवलेले चौकशी न करता खावे, आणि हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितलेच तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबावे. विधी आणि जेवण यांत तो फरक करतो. मंडळीचे पुढारी हा फरक कितपत शिकवितात यावर सातपुड्यातील भाऊबंदकीचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे. आमंत्रणच नाकारणे हा सोपा मार्ग आहे, आणि नव्या उत्साहाच्या मंडळ्यांचा ओढा तिकडे दिसतो.

साक्री-नवापूरकडून धुळ्याला शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना या पेचातून लोकांनी काढलेल्या वाटा कळतात. त्या कोणत्याही मंडळीच्या ठरावात नाहीत. एका घरातील दोन भावांपैकी एकाने बाप्तिस्मा घेतलेला असतो, दुसऱ्याने नाही. विहीर सामायिक असते, बैलजोडीही. लग्नाच्या दिवशी देवाचा विधी सकाळी उरकतो. दुपारी स्वयंपाक एकाच चुलाणावर होतो, वरणभात आणि भाजी सर्वांना एकाच पंगतीत वाढली जाते, आणि ज्यांना प्यायची असते ते मांडवाबाहेर, गोठ्याच्या मागे जातात. जेवण्यापूर्वी धाकटा भाऊ प्रार्थना करतो. थोरला तोवर हात आवरून बसतो.